तातडीची सनद आणि तिरप्या पाटीचे दार

श्री. वाचणारांनी चष्मा पुसून घ्यावा, ऐकणारांनी मोबाइल उपडा ठेवावा आणि मध्येच उठून पाणी प्यायला जाऊ नये, कारण हकीकत थोर आहे. मागले काळी किल्ले पडले, गलबते बुडाली, तख्ते फिरली, आणि त्यांचे वर्णन करणारे हरीचे लाल निपजले, मग त्यांचे सार्थक जाहले. परंतु आमचे काळी जे रण माजले ते एका सोफ्यावर सुरू जाहले आणि एका जिन्यात रंगास आले, सबब ते कोणी लिहून ठेवील ऐसी आशा दिसेना. करिता हे ओझे आम्हीच शिरावर घेतले. लिहिताना धन्याची भीड धरली नाही. धन्याच्या बहिणीची तर नाहीच, कारण तिची भीड धरून आजवर कोणाचे भले जाहल्याचे ऐकिवात नाही.

या मोहिमेचे धनी अखंडितप्रतापी भाऊसाहेब, विमा कचेरीचे हेडक्लार्क, तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांचे मालक, स्कूटरीचे शिलेदार. मनुष्य सरळ, कामास वाघ, परंतु पडले तरी नाक वर, ऐसी त्यांची ख्याती. कचेरीत कोणी चूक दाखवली तर ती मान्य करीत, पण दुसऱ्या दिवशी, आणि ती आपणच शोधून काढली ऐसे सांगून. त्यांच्या अर्धांगी बाईसाहेब या दवाखान्यात परिचारिका. त्यांच्या सुईस अख्खा वॉर्ड भीत असे, आणि घरातील मंडळी सुई नसतानाही भीत असत. उभयतांस कन्यारत्न एकच. शाळेच्या दप्तरी तिचे नाव काहीही असो, घरात तिला मासोळी म्हणत, कारण चालू लागण्याच्या आधीच ती टबात पालथी पडून हात मारू लागली होती. पाण्यात मोठी चपळ, परंतु डोळे अधू. चष्मा काढिला की समोर माय उभी आहे की कपाट, हे तिला आवाजावरून ओळखावे लागे. सबब तिच्यासाठी नंबरचा पोहण्याचा गॉगल केला होता, आणि तो डोळ्यांवर असेल तरच तलावाची भिंत तिला वेळेवर दिसे, मग कोलांटी घेऊन मागे फिरता येई.

आता ताईसाहेबांचे वर्तमान. या भाऊसाहेबांच्या थोरल्या भगिनी. शहराच्या दुसऱ्या अंगास चौथ्या मजल्यावर एकट्या राहून शिवणकाम करीत. लोक कोणाच्या अध्यात ना मध्यात असतात, ताईसाहेब दोन्हींत असत. परंतु हात सढळ आणि अंतःकरण मोठे, हेही लिहिले पाहिजे, नाही तर आमच्यावर पक्षपाताचा बोल येईल.

मोबाइलच्या काचेत एक दुकान आहे. त्यास दार नाही, फळी नाही, आणि त्याचा दुकानदार कोणी पाहिला नाही. तेथे बोटाने खूण करावी आणि माल दारी यावा, ऐसा त्याचा व्यवहार. परंतु माल दारी आला आणि दारास कुलूप असले, तर काय करावे? भाऊसाहेब आणि बाईसाहेब उभयतां दिवसभर चाकरीवर. मग आजकाल घरोघर जो शिरस्ता आहे तोच यांनीही धरिला, की ज्याचे कोणी दिवसा घरी, त्याचे दार म्हणजे सगळ्या गोतावळ्याची कोठी. ताईसाहेब दिवसा घरी. सबब भाऊसाहेबांनी त्या दुकानास आपला पत्ता म्हणोन ताईसाहेबांचाच पत्ता देऊन ठेविला, आणि साबणापासून पंख्यापर्यंत दरोबस्त माल तेथे उतरू लागला. मग कचेरी सुटली की भाऊसाहेब तिकडून जात, खाली स्कूटर चालूच ठेवीत, धापा टाकीत चार मजले चढत, उंबऱ्यातच खोके घेत आणि उतरत. आत येऊन बसणे नाही, घोटभर चहा नाही, कशी आहेस हे विचारणे नाही. ऐसी कैक वर्षे चालली.

मग एके सायंकाळी ताईसाहेबांनी खोके हाती देता देता म्हटले, “भाऊ, तू माझ्याकडे येतच नाहीस रे. खोक्याकडे येतोस.”

खोटे बोलणे मनुष्य सोसतो, खरे झोंबते. भाऊसाहेबांस ते मिरचीसारखे झोंबले आणि ते म्हणाले, की मग नाही येत. ताईसाहेब म्हणाल्या, की नको येऊस. इतक्यावरून उभय पक्षी जो अबोला पडला तो दोन वर्षे उठला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. भाऊसाहेबांनी त्या बिनदाराच्या दुकानाचाही त्याग केला आणि पिशवी घेऊन पायी बाजार करू लागले, आणि त्याने प्रकृतीस लाभ होतो ऐसे चारचौघांत सांगू लागले. वहिनी म्हणोन निरोपांची ने-आण बाईसाहेबांकडे आली. मासोळीस मात्र अबोला लागू नव्हता. ती पोहून आली की अधूनमधून बसने आत्याकडे जाई, तलावावरचे सारे वर्तमान सांगे आणि तिचे केस तेथेच वाळत.

ऐसे असता एके शनिवारी सायंकाळी घात जाहला. दुसरे दिवशी रविवारी दोन प्रहरी तलावावर मोठ्या शर्यतीसाठी निवड व्हावयाची होती, आणि त्या एका दिवसासाठी मासोळीने वर्षभर पहाटे उठून थंड पाण्यात अंग टाकले होते. तिने गॉगल धुऊन, पुसून, जपून सोफ्यावर ठेविला. मग भाऊसाहेब कचेरीतून आले, आणि श्रमले होते, आणि हातात वर्तमानपत्र होते, आणि खाली न पाहता बसले. कड् ऐसा आवाज जाहला. प्रथम त्यांस वाटले सोफा मोडला. मग उठून पाहातात तो गॉगलाचे दोन तुकडे, एका काचेस उभी भेग.  मासोळी रडली नाही. ती फक्त “बाबा” इतके म्हणाली, आणि ते रडण्याहून वाईट जाहले.

मग भाऊसाहेबांनी तत्क्षणी बाजारावर स्वारी केली. एका दुकानी साधे गॉगल मिळाले, नंबरचे नाहीत. दुसऱ्या दुकानी मालकाने नंबर लिहून घेतला आणि आठवड्याने या ऐसे सांगितले. तिसऱ्याने तर उन्हात लावायचा काळा चष्मा पुढे केला आणि हाही बरा दिसतो ऐसी शिफारस केली. भाऊसाहेब हात हलवीत परत आले. तेव्हा बाईसाहेबांनी मोबाइल पुढे ठेवून दाखविले, की तोच गॉगल, त्याच नंबरचा, बिनदाराच्या दुकानात हजर आहे. साध्या वाटेने मागवला तर आठवडा, परंतु नजराणा भरून सभासद व्हाल तर उद्या दोन प्रहरांचे आत पोच. या सभासदीस आम्ही येथून पुढे तातडीची सनद म्हणू.

भाऊसाहेबांनी त्या दुकानात पुन्हा पाऊल न ठेवण्याची शपथ वाहिली होती. परंतु लेकीचे तोंड पाहिले आणि शपथ गिळली. नजराणा भरला. सनद मिळाली. काचेत फुलबाज्या उडाल्या आणि ‘पुन्हा स्वागत असो’ ऐसी अक्षरे उमटली. जुने खाते झोपले होते ते जागे जाहले. मग यंत्राने नम्रपणे विचारले, की माल पहिल्याच पत्त्यावर पाठवावा ना? भाऊसाहेबांनी तो सवाल, लोक अटी आणि शर्ती वाचतात त्याप्रमाणे वाचला, म्हणजे वाचला नाही, आणि होय वर बोट दाबले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आणि छाती फुगवून हुकूम केला, की आता सर्वांनी निर्धास्त जेवावे.

रविवारी सकाळपासून घरास मोर्चेबंदीचे रूप आले. भाऊसाहेब दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खिडकीत बसले. खाली वॉचमनास ताकीद गेली, की हरकारा येईल त्यास अडवू नये, वहीत सही मागू नये, लिफ्ट वर असल्यास खाली बोलावून ठेवावी. त्या सनदेची एक करामत ऐसी, की काचेत शहराचा नकाशा उमटतो आणि माल आणणारी इवलीशी गाडी त्यावर चालताना दिसते. तिघेही त्या गाडीवर डोळे लावून बसली. गाडी कोठारातून निघाली, पूल ओलांडला, मोठ्या रस्त्यास लागली, औषधांच्या दुकानाशी येऊन थबकली. औषधांचे दुकान म्हणजे त्यांच्याच गल्लीचे तोंड. मग मासोळी टाळ्या पिटीत गॅलरीत धावली, आणि बाईसाहेब धावल्या, आणि भाऊसाहेब सदऱ्याची बटणे तपासून चालत गेले. तो काचेतील गाडीने पाठ फिरविली आणि उलट दिशेस चालू लागली.

“अहो, ही कुठं निघाली?” ऐसे बाईसाहेब म्हणाल्या.

भाऊसाहेब डगमगले नाहीत. त्यांनी समजाविले, की हा गनिमी कावा. कसलेले लोक थेट चाल करीत नाहीत, वळसा घालून मागल्या बाजूने येतात. बाईसाहेब म्हणाल्या, की मागल्या बाजूस नाला आहे. भाऊसाहेब म्हणाले, की त्याअर्थी नाल्याकडून वाट असेल. परंतु गाडी गेली ती गेलीच. चौक ओलांडला, शाळा ओलांडली, शहराच्या पार दुसऱ्या अंगास जाऊन उभी राहिली. क्षणभराने मोबाइल टुणकन वाजला, की माल सुखरूप पोचविला आहे, आणि वेळेच्याही आधी पोचविला आहे, आणि पुराव्यास तसबीर जोडली आहे.

तसबिरीत एक खोके होते. खोक्यामागे उंबरा, उंबऱ्यामागे फिकट निळे दार, आणि दारावर डावीकडे कललेली पितळी पाटी. ती पाटी भाऊसाहेबांनी स्वहस्ते ठोकली होती. ती तिरपी आहे ऐसे ताईसाहेबांनी तेव्हाच दाखविले होते, आणि पाटी सरळ आहे, दार तिरपे आहे, ऐसा जबाब त्यांस मिळाला होता. भाऊसाहेबांनी तसबीर पाहिली आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. सनदेने बोल राखला होता. हरकारा चुकला नव्हता, गाडी चुकली नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलावे कोणास?

तरी त्यांनी दुकानाच्या तक्रारखात्यास फोन लाविला. तेथील एका गोड गळ्याने सर्व गाऱ्हाणे ऐकून घेतले, खेद प्रकट केला, आणि सांगितले की माल आपल्याच पत्त्यावर पोचला आहे. भाऊसाहेब म्हणाले तो माझा पत्ता नव्हे, माझ्या बहिणीचा आहे. गळा म्हणाला, की मग तर उत्तमच जाहले, त्यांच्याकडून घ्यावा, आणि आणखी काही सेवा करू काय? भाऊसाहेबांनी फोन ठेविला.

मग मसलत बसली. बाईसाहेबांनी सरळ मार्ग सांगितला, की मी वन्संना फोन करिते, त्या रिक्षात घालून पाठवतील. भाऊसाहेबांनी मनाई केली. दोन वर्षांत एक शब्द नाही, आणि पहिला शब्द काय, तर खोके? म्हणजे ताई म्हणाली होती ते शिक्का मारून खरे केल्यासारखे. तिच्या दाराशी उभे राहायचे, आणि तेही पुन्हा खोक्यासाठीच!  म्हणोन त्यांनी इतर तजविजी काढिल्या. वॉचमनास स्कूटर देऊन पाठवावे, तर वॉचमनास स्कूटर येत नव्हती. मोडका गॉगल जोडावा म्हणोन चिकटद्रव्य लाविले, तर गॉगल सुटाच राहिला आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे एकमेकांस चिकटली. बाईसाहेबांनी ती बोटे पाहिली आणि नळीस टोपण लाविले, हे त्यांचे मोठेपण.

इतक्यात मासोळी पिशवी खांद्यास लावून दाराशी आली. तिने म्हटले, “बाबा, राहू दे. मी तशीच पोहते. भिंत लागली की कळेलच मला.”

हे ती रागाने म्हणाली असती तर भाऊसाहेबांनी दरडावून वेळ मारून नेली असती. परंतु ती समजुतीने म्हणाली. बारा वर्षांची पोर, आणि बापाची लाज राखायला स्वतःचे डोके भिंतीवर आपटायला निघाली.  त्यांनी शिरस्त्राण उचलले आणि सांगितले, की तुम्ही दोघी तलावावर व्हा, मी ताईकडे जातो. बाईसाहेबांनी घरास कुलूप घातले. जिना उतरताना त्यांनी मोबाइलमध्ये नणंदेचा नंबर काढिला, त्याकडे पाहिले, आणि मोबाइल पुन्हा पर्सेत टाकिला. दोन वर्षे निरोप मी पोचवले, आज माझी सुटी, ऐसे त्या मनाशी म्हणाल्या.

मग स्वारी निघाली. चिकटलेल्या दोन बोटांनी गाडी हाकणे कठीण, परंतु मनात त्याहून कठीण काम चालले होते, की दार उघडताच काय बोलावे. ‘कशी आहेस’ म्हणावे, तर ती म्हणेल, खोकं पाहिजे ना? ‘खोकं दे’ म्हणावे, तर तिचे बोल खरे. काहीच न बोलता हात पुढे करावा, तर तो भिकारी. वाटेत फळवाला लागला तेव्हा रित्या हाताने जाऊ नये म्हणोन थांबले आणि एक पपई हाती घेतली. मग विचार आला, की दोन वर्षांत फळ नेले नाही आणि गरज पडली तेव्हा पपई, हे तर खोक्याहूनही वाईट. पपई परत ठेविली. फळवाला म्हणाला गोड आहे साहेब. भाऊसाहेब म्हणाले, प्रश्न गोडीचा नाही.

ताईसाहेबांच्या इमारतीत लिफ्ट बंद होती. भाऊसाहेब जिना चढू लागले, आणि दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहिले, आणि आम्हांस खरे लिहिणे भाग आहे, की ते दम लागला म्हणोन उभे राहिले नाहीत. परत फिरावे ऐसे त्यांच्या मनाने घेतले होते. ताईने लहानपणी शाळेत पोचविताना धरलेला हात, आणि आपण मोठे जाहल्यावर तिच्या उंबऱ्यात कधी पायताण न काढलेले, हे दोन्ही एकदम आठवले. मग त्यांनी नाक खाली केले. इतक्या वर्षांत ते प्रथमच खाली जाहले. आणि वर चढले, आणि निळ्या दारासमोर उभे राहून घंटी दाबली.

आत हालचाल नाही. पुन्हा दाबली. मग दृष्टी खाली गेली, तो कडीस कुलूप. वाटभर त्यांनी मनोमन हेच मागितले होते, की दार न उघडावे, आणि ते मिळाले तेव्हा त्यांनी कुलूप ओढून पाहिले. आपण येणार हे ओळखून ताई निघून गेली, ऐसा त्यांचा समज जाहला. चोराच्या मनात चांदणे. ते दाराकडे पाहात उभे राहिले, आणि समोरचे दार उघडून शेजारीण बाहेर आली.

तिने विचारले, “तुम्ही ताईंचे भाऊ ना? अहो, त्या मघाशीच धावत गेल्या. खोकं आलं, त्यावरचं वाचलं, आणि म्हणाल्या, अगं बाई, हा तर पोरीचा गॉगल! आज निवड आहे तिची! मशीनवर कापड तसंच टाकून पळाल्या. पायात एक चप्पल त्यांची आणि एक माझी. तेवढी परत करायला सांगा.”

भाऊसाहेबांनी मोबाइल काढिला. ताईसाहेबांचा नंबर त्यांनी रागाच्या भरात मोबाइलमधून केव्हाच पुसला होता. परंतु बोटांना कोण पुसणार? चिकटलेली दोन बोटे बाजूस ठेवून त्यांनी अंगठ्याने तो नंबर न अडखळता दाबला. एकदाच घंटी वाजली.

“हं, बोल,” ऐसे पलीकडून आले. जणू काल सायंकाळीच बोलणे जाहले होते.

“ताई, कुठं आहेस?”

“तुझ्या दारात. कुलूप आहे.”

“मी तुझ्या दारात आहे. इथं पण कुलूप आहे.”

 दोन फौजा एकाच दिवशी एकमेकींवर चालून निघाव्या, वाटेत परस्परांस न दिसता ओलांडून जाव्या, आणि ज्याने त्याने दुसऱ्याच्या रित्या किल्ल्यापुढे धापा टाकीत उभे राहावे, ऐसा प्रसंग जुन्या दफ्तरांत आम्ही शोधला, मिळाला नाही. ताईसाहेबांचाही बेत भावासारखाच तोंड चुकविण्याचा होता, ऐसे मागाहून निष्पन्न जाहले. खोके कडीस अडकवावे, घंटी वाजवावी, आणि दार उघडण्याच्या आत जिना उतरावा, म्हणजे पोरीचे काम होईल आणि आपले नाकही राहील. एकाच मायेची दोन लेकरे, पीळ तरी वेगळा कोठून येणार?

मग ताईसाहेबांचा हुकूम सुटला. “मग तिथं काय बसलायस? तलावावर ये. मी निघालेय.” आणि फोन ठेविला.

भाऊसाहेबांनी वाटभर जुळविलेली भाषणे जशीच्या तशी शिल्लक राहिली. ते पायरीवर बसले. शेजारणीने पाणी आणून दिले, ते प्याले, आणि डोळ्यांत पाणी आले त्याचा दोष जिन्यातल्या धुळीस दिला. शेजारणीने चपलेची पुन्हा आठवण दिली. मग भाऊसाहेब उठले आणि चार मजले ऐसे उतरले की मांजर आडवे गेले असते तर तेच थांबले असते.

तलाव भाऊसाहेबांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, सबब ताईसाहेबांस वाट थोडी. भाऊसाहेबांस सारे शहर ओलांडायचे. सिग्नलांनी त्यांस छळले. त्यांची शिरस्त्राणाआड बडबड चालली होती, की ताई पोच, ताई पोच. तलावाच्या देवडीवर पास विचारला, तेव्हा त्यांनी “बाप आहे” इतकेच सांगितले आणि आत घुसले.

आत पाहातात तो मुली ओळीने उडीच्या चौथऱ्यांवर चढलेल्या. मासोळीच्या डोळ्यांवर नवा गॉगल. तिच्यामागे ताईसाहेब, एका पायात तपकिरी चप्पल, एका पायात लाल, केस सुटलेले, पट्टा आवळीत होत्या. पंच त्यांस बजावीत होते, की प्रेक्षकांस येथे मनाई आहे. ताईसाहेब उत्तरल्या, की मी प्रेक्षक नाही, आत्या आहे. पट्टा मनासारखा बसला तेव्हाच त्या मागे सरल्या.

मग शिट्टी जाहली आणि शर्यत सुटली. मासोळीने भिंत ऐसी गाठली की जणू ती तिच्याच घरची भिंत, कोलांटी घेतली, पायाने रेटा दिला आणि परतली. भाऊसाहेब एका टोकास ओरडत होते, ताईसाहेब दुसऱ्या टोकास, आणि मध्ये बसलेल्या लोकांनी कानांवर हात ठेविले. मासोळी तिसरी आली. पहिल्या दोघींची निवड जाहली, तिसरी राखीव राहिली. राखीव म्हणजे काय, ऐसे कोणी विचारू नये. फौजेत राखीव तुकडीवर किती लढाया जिंकल्या जातात हे जाणते जाणतात. पोरीने वर येऊन गॉगल कपाळावर सारला आणि दोन्ही टोकांस हात केला.

आता खरे रण. खोके ताईसाहेबांच्या बाकाखाली फाटून पडले होते. गॉगल कामी आला होता. शर्यत संपली होती. भाऊसाहेबांस ताईसाहेबांकडे जाण्याचे एकही निमित्त जगात शिल्लक नव्हते. बाईसाहेबांनी त्यांस खूण करून आपल्याशेजारची जागा दाखविलीही. भाऊसाहेब उभे राहिले, दोन्ही बाजूंस पाहिले, आणि लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढीत जाऊन ताईसाहेबांच्या बाकावर बसले. बसण्याआधी खाली पाहिले. ताईसाहेबांनी पदराने कपाळ पुसले आणि किंचित सरकून जागा केली.

 मग भाऊसाहेबांनीच तोंड उघडले.

“पट्टा फार आवळलास तिचा.”

“आवळला म्हणून राहिला. आणि तू गॉगलावर बसलास त्याचं काय?”

“मुद्दाम बसलो का मी?”

“बसायच्या आधी खाली बघायची अक्कल तुला लहानपणापासून नाही. माझी बाहुली पण अशीच गेली.”

“चाळीस वर्षं झाली त्याला, ताई!”

“झाली असतील. बाहुली गेली ना पण?”

भाऊसाहेब म्हणाले, बाहुली आधीच फुटकी होती. ताईसाहेब म्हणाल्या, फुटकी तुझी नजर होती. येथून जे तोंडाला तोंड लागले ते पंचांनी शिट्टी फुंकली तरी थांबेना. दोन वर्षांचे साठलेले सर्व त्या एका बाकावर बाहेर पडू लागले. बाहुलीवरून आईच्या दुखण्यापर्यंत, दुखण्यावरून एकमेकांच्या वाळलेल्या तोंडांपर्यंत, तू औषध घेतेस का, तू कोण विचारणारा, मी नाही विचारायचं तर कोणी, ऐसे सवाल आणि जबाब झडले. आवाज चढले, हात हवेत गेले, चिकटलेली दोन बोटे ताईसाहेबांच्या नजरेस पडली आणि त्यावरून स्वतंत्र चकमक उडाली. मासोळी टॉवेल गुंडाळून दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि सुखाने पाय हलवू लागली. बाईसाहेब मागल्या ओळीत गेल्या, भिंतीस डोके टेकले, आणि त्या गदारोळात त्यांस गाढ झोप लागली.

येणेप्रमाणे तातडीच्या सनदेची मोहीम पार पडली. गॉगल वेळेवर पोचला, अबोल्याचा किल्ला जमीनदोस्त जाहला, आणि भाऊ बहिणीकडे विनाखोक्याचा येऊन बसला. कोण जिंकले, कोण हरले, याचा निवाडा करणे आमच्या कुवतीबाहेर, कारण दोघेही आपणच जिंकलो ऐसे मोठ्याने सांगत होती. तरी फत्ते जाहली, यात संशय नाही, आणि तशी ती येथे नोंदविली असे. तलाव बंद करण्याची वेळ जाहली, सारी मंडळी पांगली, पंचही घरी गेले. भांडण मिटले नव्हते, आणि मिटावे ऐसे त्या बाकावर कोणाच्याच मनात नव्हते.